नामंजूर म्हणायची रीत

पौषात पाऊस पडायचे काही कारण नव्हते. तरी तो सलग दोन रात्री पडला आणि गुऱ्हाळावर वाळत घातलेले सगळे चिपाड भिजून गेले. रस काढून झाल्यावर उसाचा जो चोथा उरतो, तेच गुऱ्हाळाचे जळण. ते वाळलेले असले तर ज्वाळा लागते, भिजलेले असले तर नुसता धूर होतो. यमुनाबाई चुलवणाच्या तोंडाशी उकिडवी बसून लांब काठीने ते ओले चिपाड आत सारत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वर काहिलीपाशी तिचा नवरा नागोराव झारा घेऊन उभा होता. उकळत्या रसावर आलेली मळी काढून तो बाजूच्या डब्यात झटकत होता.

"जाळ पडला," तो वरून म्हणाला.

"चिपाड ओलं हाय. मी का करू?"

"टायर टाक मंग."

जुन्या टायरचे तुकडे गुऱ्हाळमालक रामदासआबांनी पोत्यात भरून आणून ठेवले होते. यमुनाबाईने दोन तुकडे आत लोटले. जाळ भसकन उठला, काहील उसळली आणि धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघून समोरच्या इमारतींकडे वळला.

आंबेखळी हे मांजरीच्या पलीकडचे, मुळा-मुठेच्या काठचे गाव. पाच वर्षांपूर्वीपर्यंत गुऱ्हाळाभोवती ऊसच होता. आता पूर्वेला सात मजल्यांची सोसायटी उभी राहिली होती आणि रात्री-बेरात्री तिच्या फाटकापाशी कॉल सेंटरच्या गाड्या येऊन थांबत. नागोराव वाशीमकडून मजुरीला आला तेव्हा त्याला उसाचे पाचटसुद्धा माहीत नव्हते. कराडकडच्या एका म्हाताऱ्या गुळव्याच्या हाताखाली राहून तो हे काम शिकला. आता राहायला गुऱ्हाळाच्या मागची पत्र्याची खोली होती आणि मुलगी भाग्यश्री गावच्या हायस्कुलात आठवीत होती.

दुपारी सरपंच जयसिंग गाडी घेऊन आला. काच खाली झाली, पण तो उतरला नाही. रामदासआबा गाडीपाशी गेले. नागोरावाने रीतीप्रमाणे उसाच्या पानावर गरम गुळाचा गोळा घेतला आणि तोही गेला. सरपंचाने तो हातात घेतला आणि न पाहताच ड्रायव्हरकडे दिला.

"आबा, सोसायटीवाल्यांनी लेखी दिलंय. धुरानं लेकरं खोकत्यात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव हाय. गुऱ्हाळ बंद."

"हंगाम तरी संपू द्या," आबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. जागा मोकळी झाली तर तिला गिऱ्हाईक होतेच.

"आपल्या माणसांना सांगून ठेवा, बिऱ्हाड हलवायला."

आपली माणसे तीन हातांवर उभी होती. सरपंचाने त्यांच्याकडे पाहिले नाही आणि काच वर झाली.

नागोराव परत काहिलीपाशी आला. बराच वेळ त्याने झारा उचललाच नाही. अर्ध्या हंगामात काम जायचे म्हणजे दुसऱ्या गुऱ्हाळावर जागा मिळायची नाही. खोली जायची. आणि वर्षाच्या मध्यात मुलीची शाळा सुटली की ती पुन्हा कुठे लागते, हे त्याने गावाकडच्या भावांच्या घरात पाहिले होते.

"मळी चढली," यमुनाबाई खालून ओरडली. तेव्हा तो हलला.

संध्याकाळी काहील उतरल्यावर भाग्यश्री निखाऱ्यांच्या उजेडात पुस्तक घेऊन बसली. तिची पाठांतराची पद्धत अशी की डोळे मिटायचे आणि पुढेमागे झुलायचे.

"गावाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे, अशा सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची मिळून ग्रामसभा होते. गावाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे..."

यमुनाबाई भाकरी थापता थापता थांबली. "कोनत्या गावाच्या?"

"कोणत्याही. पुस्तकातल्या."

"आपलं नाव हाय यादीत. मागच्या खेपेले बोटाले शाई लावून आलो आपन दोघंबी."

"आई, ते मतदान. हे नागरिकशास्त्र आहे. दोन मार्कांचं."

"पन ग्रामसभा म्हणते ना त्याच्यात? सव्वीस तारखेले सरपंच ग्रामसभाच म्हणत होता."

भाग्यश्रीने डोळे उघडले. तिने पुस्तकाकडे पाहिले, मग आईकडे. तो प्रश्न तिने तीन चाचण्यांत सोडवला होता आणि तिन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले होते. शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर शिपाई टेबल मांडतो, चार माणसे बसतात, जिलेबी वाटतात, तीच ही ग्रामसभा असेल असे तिला एकदाही वाटले नव्हते.

"बाईंना विचारते," ती म्हणाली.

"मीच येतो," यमुनाबाई म्हणाली. वऱ्हाडातल्या बायका बोलतात तशीच ती अजून बोलत असे.

"आपन बाहेरचे," नागोराव अंधारातून म्हणाला. "उगा तोंड काळं करून घेशीन."

"काळंच हाय ते. कवाचं टायर जाळून रायलो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीच यमुनाबाई आठवीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत सरोजिनीबाईंचा तास चालू होता. नारायण पेठेतून दोन बस बदलून येणाऱ्या या बाई वेळेच्या पक्क्या आणि बोलायला तिखट होत्या. त्यांनी धडा वाचून संपवला, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारायला सांगितल्या आणि विचारले, "समजलं?"

"होऽऽ," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"कमाल आहे. मला शिकायला जरा जास्त वेळ लागला होता." बाईंनी खडू ठेवला आणि त्यांना दार दिसले. "आपण भाग्यश्रीच्या आई ना? या, बसा. बाकावर बसा, जमिनीवर नको. तक्रार घेऊन आला असाल तर आमचीही एक आहे, मुलगी बोलत नाही."

यमुनाबाई बाकाच्या कडेवर टेकली. तिच्या लुगड्याला धुराचा आणि गुळाचा वास होता. "तक्रार नाई बाई. ग्रामसभेचं इचारायचं होतं. आमी दोघं तिच्यात हाओत का?"

"यादीत नाव आहे?"

"हाय."

"मग आहात. पुस्तकात तसंच आहे."

"तिथं नाई म्हणता येते का?"

बाईंनी टेबलावरचे पुस्तक उघडून तो धडा पुन्हा चाळला. बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता.

"पुस्तकात ठराव मंजूर होतो, एवढंच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं सांगायचं तर मी एकही ग्रामसभा पाहिलेली नाही. नारायण पेठेत ती भरत नाही. आणि इथली भरते तेव्हा मी झेंडावंदन उरकून बस पकडलेली असते."

"मंग पोट्ट्यांले काय शिकवता?"

यमुनाबाईच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. म्हणूनच बाईंना तो प्रश्न झटकता आला नाही.

"परीक्षेत जे विचारतात ते," त्या म्हणाल्या. "मला उद्यापर्यंतचा वेळ द्या."

बाईंचे यजमान गोपाळकृष्णपंत जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले होते. 'इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवतेस आणि मला हे आज विचारतेस,' एवढे ऐकवून त्यांनी चहा संपेपर्यंत सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई बसमधून उतरल्या त्या थेट गुऱ्हाळावर आल्या. पदर नाकाला लावून त्या चुलवणाशेजारी उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. यमुनाबाई काठी सारत ऐकत होती.

"सभेला शंभर मतदार हजर लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब करतात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की मग संख्येची अटच उरत नाही. चार माणसांत ठराव होतो."

"दरसाली तसंच होते. झेंडा झाला का लोकं जिलेबी घेऊन जातेत."

"जाऊ देऊ नका. आणि कोणी नाही म्हटलं तर हात मोजावे लागतात. नाही म्हणणारे जास्त भरले तर ठराव पडतो." बाईंना खोकल्याची उबळ आली. डोळे पुसून त्यांनी धुराड्याकडे पाहिले. "सोसायटीतल्या लोकांची तक्रार खोटी आहे, असं मात्र मला म्हणता येणार नाही."

त्या दिवसापासून यमुनाबाईने टायरच्या पोत्याला हात लावला नाही. सूर्य वर आला की ती ओले चिपाड पसरून घाली, दर घटकेला उलटवी, संध्याकाळी ढीग करून ताडपत्रीखाली झाकी. पाठ मोडून जाई. नागोराव आधी कुरकुरला, मग मुकाट्याने पाटी उचलू लागला.

आणि त्याच दिवसांत तिने माणसे जमवायला सुरुवात केली. पहिला गाठला तो भैरू, तिथलाच ऊसतोड्या. त्याला पटवायला वेळ लागला नाही.

"गुऱ्हाळ बंद झालं तर ऊस कुणाच्या बापाला घालू?" तो म्हणाला. "येतो की. पर वहिनी, मला त्या खुर्चीम्होरं बोलता येत न्हाई. आधीच सांगतो."

"बोलू नको. बस फक्त."

"बसायला मी पटाईत हाय."

मग मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका. पहाटे मांजरीच्या बाजारात माल जायचा म्हणून त्या दुपारभर वाफ्यांत वाकलेल्या असत. त्यांची म्होरकी चंपा. तिने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "आमच्या दाल्ल्यांना बोलावतात म्हणं सभेला. आमाला कोण इचारतं?"

"यादीत तुझं नाव हाय का?"

"मतं मागायला येत्यात तवा असतं बया."

"मंग तेच नाव हे."

चंपा हसली तेव्हा साऱ्या वाफ्यातल्या बायका उभ्या राहिल्या. कुणी विचारले, पाण्याचे बोलता येईल का. कुणी म्हणाली, दिव्याचे बोलू. एका म्हातारीला वाटले होते की नवरा गेला तेव्हा तिचे नावही यादीतून गेले. तिला समजावून सांगेपर्यंत दुसऱ्या वस्तीवरच्या दोघी ऐकायला आल्या. यमुनाबाई परत निघाली तेव्हा पाय दुखत होते, पण चालताना ती जवळजवळ धावत होती.

शाळेत सरोजिनीबाईंनी त्या आठवड्यात रेघा मारायला सांगितले नाही. 'तुमच्या घरातले ग्रामसभेत कोण कोण आहे, ते विचारून या,' एवढाच अभ्यास दिला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेऊन होईना. 'बाई, माझी आजीपण आहे.' 'बाई, आमचे काका आहेत, पण त्यांना माहीतच नव्हतं.' भाग्यश्री, जी बोलत नसे, ती उभी राहून म्हणाली, "बाई, माझे आईबाबा आहेत. वाशीमचे असून इथले आहेत." बाईंनी तिला दोनदा म्हणायला लावले.

सव्वीस तारखेच्या पहाटे रामदासआबांनी ऊस पिळायचा चरक लावायला सांगितला.

"आज?" नागोराव म्हणाला. "सभा हाय आबा."

"ऊस तोडून पडलाय. वाळवू का त्याला?" आबा दुसरीकडे पाहत म्हणाले.

रस निघाला की थांबता येत नाही; तो आंबतो. काहील चढली की तर मुळीच नाही. आबांनी हे चुकून केले की जाणून, ते कळायला मार्ग नव्हता. नागोरावाने रसाने भरत चाललेल्या काहिलीकडे पाहिले आणि बायकोच्या हातातली काठी काढून घेतली.

"तू जा. जाळ न काहील, दोन्ही मी पाह्यतो."

"दोन्ही कसं होईन?"

"चिपाड वाळेल हाय. होईन. जा म्हणतो ना."

पटांगणात झेंडा फडकला, मुलांनी राष्ट्रगीत म्हटले, जिलेबीचे ताट फिरले. आणि कोणीच गेले नाही. पारापासून फाटकापर्यंत माणसे बसली. चंपाच्या बायका तर पहिल्या रांगेत. शिपाई टेबल मांडून माघारी वळला आणि जागीच थबकला.

"आज काय लगीन हाय का काय?" जयसिंग ग्रामसेवकाला म्हणाला. ग्रामसेवकाने माणसे मोजली, पुन्हा मोजली आणि सरपंचाच्या कानाशी लागला. तहकुबी टळली होती. सोसायटीतून चौघेच आले होते. सुट्टीचा दिवस, बाकीचे झोपलेले. त्यांच्यात सलिल नावाचा तरुण होता, लहान मुलीला कडेवर घेऊन. सरोजिनीबाई मुलांच्या रांगेमागे उभ्या होत्या. त्यांची बस निघून गेली होती.

ग्रामसेवकाने ठराव वाचला. पूजा सांगणारा गुरुजी मंत्र उरकतो तसा वाचला. 'सार्वजनिक आरोग्यास', 'उपद्रवकारक', 'तात्काळ', एवढे तुकडे लोकांच्या हाती लागले. शेवटचा शब्द संपायच्या आत सरपंचाने मान वर केली.

"मंजूर?"

"मंजूर," सगळे पटांगण एका सुरात म्हणाले.

चंपा म्हणाली. तिच्या बायका म्हणाल्या. भैरू सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. म्हातारी मागाहून एकटीच म्हणाली. यमुनाबाईच्या स्वतःच्या ओठांवर तो शब्द आलेला होता; तोंड उघडलेले तसेच राहिले. आयुष्यभर खुर्चीवरच्या माणसाने 'मंजूर' विचारले की खालच्यांनी तेच म्हणायचे, ही रीत त्यांच्या हाडात मुरलेली होती. आपण काय म्हणालो हे भैरूला कळले तेव्हा त्याने जीभ चावली आणि डोक्याला हात लावला.

ग्रामसेवक लिहू लागला. मुलांच्या रांगेमागे सरोजिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता.

यमुनाबाई उठली. तिने चंपाच्या खांद्याचा आधार घेतला.

"नामंजूर," ती म्हणाली.

ग्रामसेवकाची लेखणी थांबली. सरपंच हसला. "बाई, झालं की आता. समद्यांनी म्हटलं."

"सवयीनं म्हटलं. कोनाले इचारा काय म्हटलं ते."

"चुकून म्हटलं," भैरू मागून म्हणाला. "माझं परत घ्या, सरपंच."

हशा पिकला. त्या हशाने माणसे सैल झाली.

"हात मोजा," यमुनाबाई म्हणाली. "आमचं खरं निंघालं नाई तं मी आज बिऱ्हाड हलवतो."

"अहो, ते मोजायला हवेत," सरोजिनीबाई पुढे येत म्हणाल्या. "कोणी विरोध केला की मोजावे लागतात. मी इथली मतदार नाही, मला मत नाही. पण मोजता मला येतं."

सरपंचाने ग्रामसेवकाकडे पाहिले. ग्रामसेवकाने मान खाली घातली, म्हणजे बाईंचे खरे होते.

तेवढ्यात फाटकातून नागोराव आला. काहील उतरवून तो तसाच धावत आला होता. कोपरापर्यंत काकवी वाळून चिकटलेली, कपाळावर राख. उभी असलेली बायको दिसताच त्याने हात वर केला.

"नागोराव, कशासाठी हात वर केलास, ठाव हाय का?" सरपंचाने विचारले.

"नाई."

"मग?"

"ते उभी हाय न."

आता सगळे पटांगण हसले, सरपंचसुद्धा. फक्त सरोजिनीबाई हसल्या नाहीत. "असं नाही चालायचं, नागोराव. बायकोकडे पाहून नाही. ठराव पुन्हा वाचा, सावकाश. कशाला हो म्हणतोय, कशाला नाही, ते प्रत्येकाला कळू दे."

मग ग्रामसेवकाने ठराव पुन्हा वाचला, या खेपेला माणसासारखा. वाचून होताच सलिल उभा राहिला. "एक मिनिट. काकू, माझं तुमच्याशी काही पर्सनल नाहीये. पण ही माझी मुलगी, स्पृहा. या महिन्यात तिला दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. डॉक्टर म्हणतात धूर. मी काय करू, सांगा ना."

यमुनाबाईने पोरीकडे पाहिले. तिच्या कानांवर लोकरी टोपी होती आणि हातात अर्धी जिलेबी.

"काळा धूर आमचाच," ती म्हणाली. "टायर जाळलं आमी. चिपाड भिजलं होतं. आता आठ दिस झाले, बंद केलं. आज पाहा वर."

सगळ्यांनी माना वळवल्या. उसापलीकडे गुऱ्हाळाच्या धुराड्यातून पांढुरकी रेघ सरळ वर जात होती.

"टायर पुन्हा आलं, तं मीच येऊन सांगीन. धुराडं उंच करा म्हणावं आबाले. पन बंद नको. आमची पोरगी बी खोकते. तिले घेऊन कुठं जाऊ मी?"

सलिल खाली बसलेल्या आपल्या तिघांशी काहीतरी बोलला. "मग ठराव बदला ना," तो म्हणाला. "टायर-प्लास्टिक जाळायचं नाही, चिमणी वाढवायची. बंदचं काढून टाका. आम्हाला चालेल."

रामदासआबा फाटकापाशी टेकून उभे होते. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे गेले. "वाढवतो की," ते नाइलाजाने म्हणाले.

"गुऱ्हाळ बंद करा म्हणणारे, हात वर," सरपंच म्हणाला. त्याचा स्वतःचा हात वर गेला, टेबलाशी बसलेल्या सदस्यांचे गेले, मागे आठ-दहा.

"बंद नको, सुधारणा करा म्हणणारे."

हात एकदम वर आले नाहीत. आधी यमुनाबाईचा, नागोरावाचा, भैरूचा. मग चंपाने बाजूला पाहिले नाही, मागे पाहिले नाही, आणि तिचा हिरवट डाग पडलेला हात वर गेला. मग शेत वाऱ्याने हलावे तसे हलत हलत हात वर आले. म्हातारीने दोन्ही वर केले. बाईंनी तिचा एक खाली घ्यायला लावला. सलिलचाही होता. बाई आणि ग्रामसेवक रांगेरांगेने मोजत गेले. निम्म्यावर आल्यावर ग्रामसेवक म्हणाला की पुढचे मोजायची गरज नाही.

"मोजा," बाई म्हणाल्या. "सगळे मोजा."

मोजून झाल्यावर सरपंच पाणी प्यायला. "लिहा," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "बंद नामंजूर. सुधारणा बहुमतानं मंजूर." 'बहुमतानं' हा शब्द त्याच्या तोंडून अडखळत आला. मग तो खुर्ची सरकवून उठू लागला. दरवर्षी इथेच सभा संपत असे.

कोणीच उठले नाही.

यमुनाबाईला काहिलीची आठवण झाली. गूळ थंड होत असेल, ढेपा भरायच्या असतील. ती निघण्यासाठी पदर खोचू लागली, तोच शेजारी चंपा उभी राहिली. आजवर खुर्चीपुढे तोंड न उघडलेली ती बाई पुढे आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"सरपंच," ती म्हणाली, "आमच्या वस्तीच्या नळाचं."

जयसिंगने तिच्याकडे पाहिले, मग त्या सगळ्या गर्दीकडे. तो सावकाश खाली बसला आणि खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढून घेतली.

"बोल," तो म्हणाला.

यमुनाबाईने खोचलेला पदर सोडला आणि ती नवऱ्याशेजारी मातीत बसली.